मखमलीची लव

कोटांच्या त्या कारखान्यात सगळे तिला काजताई म्हणत. अठरा वर्षं ती काजं आणि बटणंच करत आली होती. बायकांनी कटिंगच्या टेबलाला हात लावायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आजवर लावला मात्र कोणी नव्हता.

कटिंगमास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागेसाठी त्यांच्या पुतण्याचं नाव पुढे आलं. काजताई सरळ मालकांच्या खोलीत गेली.
"साहेब, मलाही कापून बघू द्या."
"अगं, ती कात्री केवढी जड! दिवसभर उभं राहावं लागतं."
"घरी सासूबाईंना उचलून बसवते, त्यांच्याहून जड आहे का कात्री?"
मालकांना हसू आवरेना. "बरं, दोघंही एकेक कोट कापा."

कापड मखमलीचं निघालं. पुतण्याने कोटाच्या भागांचे कागदी फर्मे कापडावर भराभर मांडले, एक सुलटा, एक उलटा, अगदी एकाला एक चिकटून. काजताईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, कापडावरून तळहात फिरवला आणि सगळे फर्मे एकाच दिशेला लावले. तिला वीतभर कापड जास्त लागलं.

"बघा साहेब!" पुतण्या म्हणाला. "ताई, हे काय घरचं शिवण आहे?"
काजांच्या टेबलावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मालकांचाही चेहरा उतरला.
"दोघांचे तुकडे खिडकीशी धरा," काजताई म्हणाली.

मालकांनी पुतण्याचे तुकडे उजेडात धरले. पुढची बाजू गडद दिसत होती, पाठ फिकट. कापड तेच, पण रंग जणू दोन. काजताईच्या तुकड्यांचा रंग मात्र एकसारखा होता.

"मखमलीला लव असते. एक तुकडा उलटा लागला की उजेड त्याच्यावर वेगळा पडतो. गेल्या वर्षी परत आलेले कोट आठवतात ना? आठवडाभर आम्हीच उसवत बसलो होतो. चूक कुठे झाली, ते आम्हाला कोणी विचारलं नाही."
"मग तू का नाही सांगितलंस?"
"सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, तुम्ही बटणं बघा."

पुतण्याने आपले तुकडे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. चूक त्यालाही दिसली.

"ठीक आहे," मालक म्हणाले. "महिनाभर काम करून दाखव, मग जागा पक्की करू."
"साहेब, मास्तरांना घेताना महिनाभर पाहिलं होतंत?"
मालक घुटमळले. "नाही."
"मग मलाही तसंच घ्या. काम पसंत पडलं नाही, तर मीच काजांच्या टेबलावर परत जाईन."

मालकांनी मान डोलावली. तिने पदर खोचला आणि खडू उचलला. सत्तर कोटांचं कापड वाट बघत होतं. पुतण्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला.
"लव खाली ठेवायची की वर, ताई?"
"इकडे ये. आधी डोळे मिटून हात फिरव."