रविवारच्या धम्मवर्गातली उलट उत्तरं

आमच्या कोरेगावच्या विहारात दर रविवारी दुपारी धम्मग्रंथांचा वर्ग भरतो. सहा वर्षांत किती वाचून झालं असं कुणी विचारलं, तर सांगायला लाज वाटते. एक पान वाचायचं, की कुणीतरी हात वर करतं. पान राहतं तिथंच आणि किस्सा जमा होतो. मी रिटायर्ड नर्स. केसपेपर लिहायची सवय, म्हणून हेही वहीत टिपत गेले. वह्या तीन भरल्या!

वर्ग घेतात सदा गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हिमतीवर पाली शिकलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की बुद्धवचन तीन पेट्यांत ठेवलंय. भिक्षूंचे नियम विनयात, उपदेश सुत्तात आणि मनाची बारीक चिरफाड अभिधम्मात. चीन-तिबेटकडं गेलेल्या ग्रंथांचा पसारा आणखी वेगळा.

समोर हौसाक्का बसली होती. सत्तरीची, मंडईत भाजी विकणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिनं विचारलं, यातल्या कुठल्या पेटीला कुलूप हाय? गुरुजी म्हणाले, एकीलाही नाही.

"मग आजवर आमास्नी कुणी उगडून का दावल्या न्हाईत?"

त्या दिवशी वर्ग तिथंच संपला.

* * *

हौसाक्कानं पुढं ऐकून ऐकून सुत्तं पाठ केली. पाली म्हणते आणि लगेच आपल्या बोलीत अर्थ सांगते. एकदा पुण्याहून एक अभ्यासक आले होते, त्यांना ते खटकलं. म्हणाले, आधी व्याकरण, मग अर्थ. असं गावठी भाषेत सांगितलं की बुद्धवचनाचं गांभीर्य जातं.

गुरुजी तोंड उघडणार, तेवढ्यात हौसाक्कानंच विनयातली गोष्ट काढली. दोन विद्वान भिक्षू बुद्धाकडं गेले. त्यांची तक्रार अशी, की लोक आपापल्या बोलीत तुमचे शब्द बिघडवतात, तर आम्ही ते वेदांसारखे छंदात बांधून ठेवतो. बुद्धानं दोघांना चांगलंच झापलं आणि सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत शिकावं.

गोष्ट संपवून ती पाहुण्यांकडं वळली. "त्या दोगांचं म्होरं काय झालं, ते काय कळत न्हाई. तुमास्नी ठावं हाय का?"

पाहुण्यांनी पाणी मागितलं.

* * *

आबा कुंडलहून पॅसेंजरनं येतात. ऊसबागायतदार घरातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लेहच्या पोस्टिंगला असताना गोम्पात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, जायचा नाद लागला, तो सुटला नाही. एका लग्नात, ऐन पंगतीत, भावकीनं त्यांना घेरलं. त्या लोकांच्यात जाऊन बसता, घराण्याचं काही वाटतं का, वगैरे.

दुसरा कुणी पानावरनं उठला असता. आबा उठले नाहीत. शांतपणे पोटभर जेवले, हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रविवारी दोनला असतो वर्ग. टाइमात या. गुरुजींना लेट आल्यालं खपत न्हाई."

* * *

याच आबांचं आणि गुरुजींचं एकदा जुंपलं. गुरुजी थेरवादी. मूळ पालीत जे नाही, ते त्यांना पटत नाही. आबांचा ओढा महायानाकडं. बोधिसत्त्वाची प्रतिज्ञा त्यांना लय आवडते, सगळे दुःखातून पार होईपर्यंत आपण पार व्हायचं नाही. आबांनी दाखला दिला, की बर्फात गाडी आली की शेवटचा जवान चढल्याशिवाय सुभेदार चढत नसतो.

गुरुजींना ते लागलं. "म्हणजे आम्ही थेरवादी काय, आधी चढून जागा धरणारे?"

आबाही मागं हटेनात. अर्धा तास कोण आधी, कोण नंतर, हेच चाललं. शेवटी हौसाक्का म्हणाली, "आवं, दोगं बी खालीच हाईसा की अजून."

* * *

माणचा धोंडीराम उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतो. विहाराच्या दारातच टेकून ऐकायचा. एकदा बोकडाची जातककथा निघाली. बळी द्यायला नेलेला बोकड आधी हसतो, मग रडतो. हसतो, कारण त्याचे भोग आज संपणार. रडतो, कारण कापणाऱ्याचे भोग आजपासून सुरू होणार. धोंडीराम उठून गेला.

पुढच्या वर्षी आला तेव्हा कळलं, गावच्या जत्रेत बोकड द्यायची पाळी त्याची होती आणि त्यानं नकार दिला. देवाला पुरणपोळी दाखवली. सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले. गुरुजी हळहळले, पण हरखलेही. त्यांनी विचारलं, मग आता दीक्षा घेणार का?

"न्हाई," धोंडीराम म्हणाला. "द्येव माजाच हाय. आन बकरं बी माजंच हाय."

* * *

मागच्या वर्षी सांगलीला एका विहारात कार्यक्रम होता. आमचा अख्खा वर्ग गेला. तिथं एक भिक्खुणी येणार होत्या. पूर्वी मिरजेकडं अंगणवाडीत होत्या, आता सगळे त्यांना आर्याजी म्हणतात. थेरवादात भिक्खुणींची परंपरा शेकडो वर्षांपूर्वी तुटली, चीनकडं गेलेल्या परंपरेत ती टिकली. तिकडच्या भिक्खुणींच्या हातून यांनी दीक्षा घेतली. काही भंतेंना, म्हणजे भिक्षूंना, ती मान्य नाही.

मंचावर एक तरुण भंते, समोर माइक. आर्याजींची चटई खाली, कोपऱ्यात. संयोजकांनी नियम वाचून दाखवला, भिक्खुणीच्या दीक्षेला शंभर वर्षं झाली असली तरी तिनं आजच भिक्षू झालेल्याला वंदन करावं. पासष्टी ओलांडलेल्या आर्याजींनी शांतपणे वंदन केलं.

त्यांची पाळी आली, तेव्हा संयोजक म्हणाले, वेळ कमी आहे, बसल्या जागेवरून दोन शब्द बोला. माइक मंचावरच राहिला. आर्याजींचा आवाज बारीक. तिसऱ्या ओळीपलीकडं काही पोचेना.

हौसाक्का गुडघ्यावर हात देत उठली. आपलं बसायचं बस्कर उचललं, कोपऱ्यात गेली आणि मंचाकडं पाठ करून आर्याजींच्या समोर बसली. मग मी गेले. मग आबा. गुरुजी नियमांचे पक्के. ते मांडीवरच्या पुस्तकाकडं बघत राहिले, मग मिटून काखेत मारलं आणि आले. त्यांच्या मागोमाग अख्खा हॉल उठला. सतरंज्या ओढल्याचा तेवढा आवाज.

कुणी घोषणा दिली नाही. आर्याजी बोलत राहिल्या आणि आता शब्द न् शब्द ऐकू येत होता.

थोड्या वेळानं मागं मंचाची फळी वाजली. भंते खाली उतरले होते. चालत आले आणि शेवटच्या ओळीच्याही मागं, नुसत्या फरशीवर बसले.

हौसाक्कानं मागं वळून पाहिलं. मग बस्कर धरून वीतभर पुढं सरकली. तिच्या मागची बाई सरकली. तिच्या मागची सरकली. शेवटच्या ओळीत सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली.