आमच्या मंडळात मतदान होत नाही

जबलपूरमध्ये बसून मी अमेरिकेतल्या मुलांना अमेरिका शिकवते. हे ऐकून लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, इथल्या एका खासगी कॉलेजात वर्षानुवर्षं कंत्राटावर शिकवलं, मग विषयाला मुलं मिळेनात म्हणून कॉलेजने नारळ दिला. आता पहाटे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते. पलीकडे संध्याकाळ असते आणि एक शाळकरी मुलगी काहीतरी खात बसलेली असते. मी तिला सरकारचे तीन भाग सांगते, कोण कुणाला कसं अडवू शकतं ते सांगते, नागरिकाचे हक्क, बाजार कसा चालतो, एक गोष्ट हाती घेतली की दुसरी कशी सोडावी लागते. माझा नवरा इथल्या सरकारी फॅक्टरीच्या पहिल्या पाळीला जाताना मागून हळूच निघून जातो, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.

रविवारी माझा दुसरा वर्ग असायचा, फुकटचा. आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत मी मुलांना मराठी बोलायला शिकवायचे. इथली आमची मुलं मराठी समजतात, बोलत नाहीत. आजीने मराठीत विचारायचं आणि नातवाने हिंदीत उत्तर द्यायचं, हे घरोघरी चालतं. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली होती, "मला भूक लग रही है." वर्षभरात तीच मुलगी शेजारणीच्या मांजराची तक्रार अख्खी मराठीत करायला लागली. त्या खोलीत पंखा कुरकुरायचा, भिंतीला ओल होती, पण मला ती खोली फार आवडायची. माझं असं काही या गावात असेल तर ते तेवढंच होतं.

मग कळलं की कार्यकारिणी ती खोली एका कोचिंग क्लासला भाड्याने देणार आहे. मुलांचा वर्ग कुठे घ्यायचा, असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं की घरी घ्या, नाहीतरी किती येतात.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे फॅक्टरीतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना साहेबच म्हणतात. मी लग्न करून या गावात आले तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत. म्हणजे दर वेळी निवडणूक होते, नियमाप्रमाणे फळ्यावर सूचना लागते, अर्ज मागवले जातात, आणि अर्ज एकच येतो. बाकीची नावं साहेबांच्या सिव्हिल लाइन्समधल्या घरी चहावर ठरतात. सभेच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात आणि पोहे-जिलबी खातात. आमच्या मंडळात कधी मतदानाची वेळच आली नाही, हे लोक इतक्या अभिमानाने सांगतात की जणू घरात कधी कुणी आजारीच पडलं नाही. गणपतीच्या निमंत्रणपत्रिकेतसुद्धा एकदा ते छापलं होतं.

माझ्या अमेरिकेतल्या विद्यार्थिनीला मी त्या आठवड्यात निवडणुका शिकवत होते. उमेदवार एकच असेल तर काय होतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मग ती निवडणूक कसली? बोलून गेले खरी, पण लॅपटॉप मिटल्यावर माझं मलाच ते टोचायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला.

मंडळाच्या स्वयंपाकघरात बायकांनी मला घेरलं. वर्गातल्या मुलांच्या आया होत्या त्या. एकीने माझा हात दाबला, एक म्हणाली की कुणीतरी हे करायलाच हवं होतं, तिसरीने तर माझ्या तोंडात जिलबीचा तुकडा घातला. मी मूर्खासारखी खूश झाले.

दोन दिवसांनी साहेब स्वतः आमच्या घरी आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याला "बेटा" म्हणत शेजारी बसवलं, फॅक्टरीतलं कामकाज विचारलं, माझ्या दिवंगत सासऱ्यांची आठवण काढली. सासरे नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी माझ्या नवऱ्याला घेण्याची फाइल अडकली होती, आणि ती साहेबांनी पुढे सरकवली होती. हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आमच्या घरातला भात शिजतो तो त्या फाइलीवर, हे माझ्या सासूबाई मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून सांगत आल्या होत्या. मी चहा आणला तेव्हा ते कपाकडे बघत म्हणाले, "काहून करून राहिल्या सूनबाई हे? समझाओ जरा. घरच्या घरात निवडणूक बरी दिसते का?"

ते गेल्यावर नवरा म्हणाला की अर्ज मागे घे असं तो म्हणणार नाही. फक्त विचार कर, एवढंच म्हणाला. त्या भल्या माणसाचं हे नेहमीचंच आहे, तो कधी नाही म्हणत नाही आणि कधी हो म्हणत नाही. सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या. मी अर्ज मागे घेतला नाही.

सभेला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. भांडण बघायला माणसं ग्वारीघाटावरची नर्मदेची आरती सोडून आली असावीत. साहेबच सभेचे अध्यक्ष, साहेबच उमेदवार. मी उठून म्हटलं की मतदान चिठ्ठ्यांनी घ्या. मी कोरे कागद कापूनही आणले होते, पिशवीत होते.

साहेब हसले. "आपण सगळे एका घरचे. घरातल्या माणसांपासून काय लपवायचं?"

टाळ्या वाजल्या. मी उभीच होते. माझ्या विद्यार्थिनीला मी काही दिवसांपूर्वीच सांगितलं होतं की त्यांच्याकडेही एके काळी लोक आपलं मत चारचौघांत मोठ्याने सांगत, मालक समोर उभा असे आणि ऐकत असे. चिठ्ठी आणि पडदा नंतर आले. तिला ते खरं वाटलं नव्हतं. मालकाला कोण कशाला घाबरेल, असं ती म्हणाली होती. सोळा वर्षांची आहे बिचारी. मी आमच्या सभेतल्या रांगांवर नजर टाकली. अर्धी माणसं कधी ना कधी साहेबांच्या हाताखाली होती, उरलेल्यांची मुलं त्यांच्या शिफारशीची वाट बघत होती.

आधी साहेबांच्या नावाने हात मागितले. पुढच्या रांगेतून सुरुवात झाली आणि हात मागे मागे पसरत गेले. ज्या बाईने माझा हात दाबला होता तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हात वर केला. जिलबी भरवणारीने माझ्याकडे पाहणंच टाळलं. माझा नवरा तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेला होता. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. आणि माझ्या शेजारी सासूबाईंच्या पाटल्या वाजल्या. त्यांचा हात वर होता. चांगला ताठ, सगळ्यांना दिसेल असा.

माझ्या नावाने दोन हात वर झाले. एक माझा. दुसरा बँकेत नुकतीच बदली होऊन आलेल्या एका बाईचा, जिचं इथे कुणाकडे काही अडलेलं नव्हतं. साहेबांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की आपल्या परंपरेप्रमाणे निवड एकमताने झाल्याची नोंद करावी, म्हणजे मंडळाचं नाव खराब होणार नाही. त्यालाही टाळ्या पडल्या. मला इतका संताप आला होता की कानशिलं तापली होती, आणि तरी जिलबीची प्लेट हातात आली तेव्हा मी ती घेतली, कारण सगळे बघत होते.

महिनाभरात मागच्या खोलीवर कोचिंग क्लासचा बोर्ड लागला. घरी वर्ग घेऊन पाहिला. पहिल्या रविवारी तीन मुलं आली, नंतर एकही नाही. कुणाला परीक्षा होती, कुणाकडे पाहुणे होते. मांजराची तक्रार करणारी मुलगी बाजारात भेटली तेव्हा मला "नमस्ते आंटी" म्हणाली.

सासूबाईंशी मी कामापुरतंच बोलत होते. त्यांनाही ते कळत होतं. थंडीत एका दुपारी आम्ही दोघी अंगणात मटार सोलत बसलो होतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "चिठ्ठी असती नं, तर तुलाच दिली असती मी."

माझे हात थांबले. मला वाटलं होतं त्या माझ्या विरुद्ध आहेत. विरुद्ध असत्या तर मला सोसलं असतं. आता डोळ्यांपुढे ती सगळी सभा पुन्हा उभी राहिली, वर झालेला एकेक हात, आणि त्यातले किती चिठ्ठीवर माझे असते ते मी मोजायला लागले. म्हणजे कदाचित मी जिंकलेही असते.

"मग आई, मी चिठ्ठ्या मागितल्या तेव्हा तुम्ही का नाही बोलल्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला एवढी साधी गोष्ट कळत नाही याचं त्यांना खरंच नवल वाटलं असावं.

"तेही सगळ्यांच्या समोरच बोलावं लागलं असतं नं," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.