चौदा घरं, एकेचाळीस चुली

बायजाक्का कुणाच्याही घरी गेली की माणसांआधी चुलीची चौकशी करायची. वाकून चुलीच्या कडेवर बोटानं टकटक करायची आणि मगच पदर सावरून बसायची. बेळगावातल्या भट्टी गल्लीत मातीच्या चुली घालण्याचं काम तिचं. भाऊ-भाऊ वेगळे निघाले की ती बातमी शेजाऱ्यांआधी हिला कळे, कारण वेगळी चूल हीच घालून देणार. गल्लीतल्या कानडी बायका चुलीला ‘वले’ म्हणत. आक्का म्हणायची, "चूल म्हना न्हायतर वले म्हना, धूर डोळ्यात सारखाच जातोय."

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी म्युनिसिपालटीत नकाशे काढायचो. गल्ली कोंदट, गटार कायम तुंबलेलं, दर उन्हाळ्यात पटकीची धास्ती. सगळी गल्ली पाडून रुंद रस्ता आणि पक्कं गटार करायचं, राहणाऱ्यांना तिथंच जागा द्यायची, असं कमिटीनं ठरवलं. मला मनापासून आनंद झाला. मी फीत धरून चौदा घरं मोजली. आक्का गेरूचा खडा घेऊन माझ्या मागून हिंडली आणि प्रत्येक चुलीमागच्या भिंतीवर रेघ ओढत गेली. जिन्याखाली, परसात, गोठ्याच्या कोपऱ्यात. रेघा एकेचाळीस भरल्या.

"घरं मोजू नगंस अण्णा, चुली मोज," ती म्हणाली. "घर मालकाचं असतंय. चूल जेवणाऱ्याची असती."

मी दोन्ही आकडे लिहून नेले. ओव्हरसियरसाहेबांनी चुलींच्या आकड्यावर लाल पेन्सिल फिरवली. दप्तरात घरांचा रकाना होता, चुलींचा नव्हता. एवढंच कारण. मी मुकाट्यानं नवा, सुबक नकाशा काढून दिला. त्या सुबकपणाचा मला आजही संताप येतो.

जागा चौदाच मिळाल्या. घर नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून त्यातली एक आक्काला मिळाली. बाकीच्यांना गावाबाहेर लांब, येळ्ळूरच्या वाटेवरचा माळ दाखवला. पहाटे भाजीबाजारात पाट्या वाहणाऱ्यांनी तिथून यायचं कसं? वर्षाच्या आत सगळे परत आले आणि चौदा नव्या घरांत दाटीवाटीनं शिरले. आक्कानं आपल्या घरात परक्यांच्या चार चुली घातल्या आणि स्वतःची दाराशी आणली. कमिटीत बोलणं झालं, की टिळकवाडीतली बंगल्यांची वस्ती बघा कशी राहते, या लोकांना राहायची अक्कलच नाही. गर्दी मोजायला पुन्हा मलाच धाडलं.

आक्का तेव्हा अंथरुणाला खिळली होती. घरं किती, तिनं विचारलं. चौदा, मी म्हणालो. चुली किती, तिनं विचारलं. त्याचा रकाना नाही, मी म्हणालो.

"या खेपी तरी लिव रं."

मी लिहितो म्हणालो, आणि खरंच घरोघर फिरून लिहिल्या. पुन्हा एकेचाळीसच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी आणून देतात, ही आपली रीत. त्या दिवशी भाकरी आणणारं कुणी उरलं नव्हतं, कारण अख्ख्या गल्लीत एकही चूल पेटली नाही. प्रत्येकाची चूल तिच्याच हातची होती.

नेमके तेव्हाच चेअरमनसाहेब पाहणीला आले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी समाधानानं इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "बघा, धुराचं नाव नाही. आता सुधारली गल्ली."

चुलींचा कागद माझ्या खिशात होता. मी "होय साहेब" म्हणालो.