दहाच्या वर लाट गेली तर

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. रत्नागिरीतल्या आमच्या सात माणसांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात मला दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार मिळतो.

मासेमारी बोटींसाठी आम्ही इशारा देणारं सॉफ्टवेअर केलं होतं. लाटा दहा फुटांच्या वर जाणार असल्या, की बोटीवरच्या यंत्रावर "परत फिरा" असा संदेश जातो. माझा धाकटा भाऊ अशाच एका बोटीवर तांडेल आहे; त्याच्या शब्दावर बोट चालते. त्यामुळे या कामात माझा जीव अडकलेला असायचा.

यंदा एका सकाळी कळलं की हवामानाचा अंदाज दुसऱ्या दिवसापासून फुटांऐवजी मीटरमध्ये येणार. साहेबांनी मागच्या वर्षी घेतलेलं टूल उघडलं. कुठल्या मागणीसाठी कुठली फाइल लिहिली, याची नोंद त्या टूलमध्ये असते; एके ठिकाणी हात लावला तर आणखी कुठे धक्का बसेल, ते त्यावरून कळतं. क्षणात उत्तर आलं: तीन फाइली.

"झालं! तीन फाइली बदलून संध्याकाळी यंत्रांवर चढवून टाकू," साहेब खूश.

मला काही पटेना. तीनच? अहो, आमच्या विहिरीवरच्या पंपाचं एक बटण बदललं तरी चार ठिकाणच्या वायरी हलवाव्या लागतात! माझा संशय गेला तो लांज्याहून येणाऱ्या आमच्या प्रोग्रामरवर. दिवसभर कानात इअरफोन, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. काम वाचवायला यानेच नोंदी उडवल्या असणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं. सरळ त्याच्या टेबलाशी गेले.

"खरं सांग, काय दडवलंयस?"

त्याने इअरफोन काढले. "मॅडम, तुम्हीच बघा ना," म्हणाला आणि मला खुर्ची देऊन बाजूला उभा राहिला. त्याच्या त्या शांतपणाने तर मी आणखीच भडकले.

टूल बंद केलं आणि एकेक फाइल डोळ्यांनी वाचत गेले. दुपारी एक ओळ सापडली: लाट दहापेक्षा मोठी असेल तर इशारा पाठव. नुसते दहा. फूट की मीटर, काही नाही. उद्या समुद्रात चार मीटरची, म्हणजे तेरा फुटांची लाट उठली असती तर चार काही दहापेक्षा मोठे नाहीत, म्हणून यंत्र गप्प बसलं असतं. मी टूल पुन्हा उघडलं.

त्या तिनांत नसलेली ही फाइल टूलमध्ये "बटणाचा रंग बदलणे" या मागणीखाली होती. त्याचं असं, की मागणीचा नंबर टाकल्याशिवाय टूल कोड घेतच नाही, आणि बंद झालेला नंबर उघडायला साहेबांची मंजुरी लागते. बटण निळं की हिरवं हे साहेबांचं वर्षभर ठरलं नाही, म्हणून तो एक नंबर कायम उघडा. गणपतीच्या सुटीच्या आदल्या दिवशी सगळं ऑफिस हातातलं काम त्या नंबरात कोंबतं आणि एसटी स्टँड गाठतं.

"ही फाइल इथे कोणी टाकली?" मी प्रोग्रामरकडे बघतच क्लिक केलं.

तपासून टाकणारी म्हणून नाव माझं होतं. पुढे शेरा, तोही माझाच: किरकोळ.

सगळ्यांसमोर कबूल केलं. "चुकलं रे माझं," त्यालाही म्हटलं. तो म्हणाला, "चहा घेणार, मॅडम?" मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. संध्याकाळचं चढवणं थांबवलं आणि त्या रंगाच्या नंबराखालचं सगळं आम्ही दोघांनी उपसायला घेतलं.

तेवढ्यात भावाला फोन लावला. तो जेटीवर बोटीत बर्फ भरून घेत होता, पहाटे निघायचं होतं.

"ऐक, त्या यंत्रावर विसंबू नको. रेडिओवर अंदाज ऐकत जा."

"रेडिओ?" तो हसला. "तो कधीच देऊन टाकला गो ताय. यंत्र तुझ्या ऑफिसचं. तू बघितलेलं असणार, मग आम्ही आणि काय बघायचं?"