खालची रांग

कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. राहात्यापासून थोडं आत, चहूकडे ऊस, आणि मधे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. यजमान कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. घरात बटण दाबलं की दिवा लागायचा याचं माझ्या सासरच्यांना केवढं कौतुक! मला मात्र त्या बटणाचीच धास्ती होती.

माझं माहेर मिरजगावकडचं. आमच्या विहिरीवर मोटर बसली त्याच वर्षी एक बैल स्टार्टरच्या पेटीला अंग घासून गेला. पाटाचं पाणी सांडून तिथली जमीन ओली झाली होती. मी भाकरी घेऊन नुकतीच बांधावर पोचले होते. बैल ओरडलासुद्धा नाही. नुसता ताठला आणि आडवा झाला. वडील त्याच्याकडे धावले, तर चुलत्यांनी मागून कवळा घालून त्यांना धरून ठेवलं. "शिवू नगं! दादा, शिवू नगं त्याला!" चुलत्यांचा तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. क्वार्टरमध्ये मी दिव्याचं बटण लाटण्याच्या टोकानं दाबायचे. यजमान हसायचे. मी त्यांना बैलाचं सांगितलं नव्हतं.

अशी मी, आणि माझ्याच गळ्यात नाटकातली लाईट पडली.

कॉलनीतल्या महिला मंडळानं त्या साली तीन अंकी नाटक बसवलं होतं. शाळेच्या मोठ्या बाई दिग्दर्शक, आणि नायिका माझी शेजारीण, ओव्हरसियरची बायको. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. ती संवाद पाठ करायची ते मला स्वयंपाक करताना ऐकू यायचं. मी प्रॉम्प्टर होते, त्यामुळे सगळं नाटक मला तोंडपाठ झालं होतं.

लाईटवाला नगरहून आला, टेम्पोत सामान घालून. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. त्यानं विंगेत एक मोठी लाकडी फळी उभी केली. फळीवर डिमरच्या, म्हणजे दिवे कमीजास्त करायच्या दांड्यांच्या दोन रांगा होत्या, एक वर आणि एक खाली. वरची रांग चालू असताना पुढच्या प्रवेशाला कुठला दिवा किती लागणार ते खालच्या रांगेत आधीच लावून ठेवायचं. वेळ आली की मधला मोठा दांडा सावकाश ओढायचा. वरचा प्रवेश विझत जातो आणि खालचा उजळत येतो. तोवर वरची रांग मोकळी होते, मग तिच्यावर पुढचा प्रवेश लावायचा.

"याला पिरसेट म्हनत्यात," तो म्हणाला. "पुन्याला बघून मी सोता बनवलंय. पन एकट्याला जमत न्हाई. नाटक पाठ असनारं मानूस शेजारी पायजे."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला नाही म्हणता आलं नाही.

दुपारी त्यानं एकेका प्रवेशाचे दिवे लावून पाहिले आणि दांड्यांच्या बाजूला रंगीत खडूनं खुणा केल्या. पहिल्या प्रवेशाला पिवळी खूण, दुसऱ्याला निळी, असं. मला म्हणाला, "लावून बघा." मी पदर कमरेला खोचला, हात पदरालाच दोनदा पुसले आणि पहिल्या दांड्याला बोट लावलं. फळीमागून बारीक गुणगुण येत होती, तापलेल्या धुळीचा वास येत होता.

"बाई, लाकडाची मूठ हाय. काय होत न्हाई. हात कोरडा ठिवा, बास."

"आणि ती?" मी भिंतीवरच्या लोखंडी पेटीकडे बघून विचारलं.

"ती मेन. तिला तुमी हात लावायचाच न्हाई."

प्रयोग संध्याकाळी सुरू झाला. क्लबचा हॉल भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. दोन अंक नीट गेले. तो दांडा ओढायचा, मी मोकळी झालेली रांग खुणांवर लावायचे आणि वाक्य आलं की "आता" म्हणायचे. दांडे खुणांवर बसत होते.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दिवे मलूल व्हायला लागले. तो वर बघून पुटपुटला, "व्होल्टेज पडतंय. पावरहौसवर सांगून येतो. फुडचा प्रवेश खाली लावून ठिवा. मी आलोच." आणि मागच्या दारानं गेला.

मी एकटी उरले. स्टेजवर माझी शेजारीण घागर कमरेवर घेऊन आली. भावाच्या मृत्यूची बातमी ऐकून तिच्या हातून घागर सुटते, असा तो प्रसंग. तालमीत घागर नेहमी रिकामी असायची. ती खाली पडली तेव्हा आवाज रिकाम्या घागरीचा नव्हता. पाणी शहाबादी फरशीवर पसरलं. त्या साली कॉलनीत नळ दिवसाआड यायचा. सांडलेलं पाणी बघून लोकांत हळहळ उठली. मग टाळ्या पडल्या. प्रसंग खरा वाटावा म्हणून तिनं कुणालाही न सांगता घागर अर्धी भरून आणली होती.

फरशीला पुढच्या बाजूला उतार होता. पाणी स्टेजच्या कडेला खाली मांडलेल्या दिव्यांच्या ओळीकडे चाललं होतं. तिथं झाकायला टाकलेल्या तरटाखालून वायर गेलेली मी दुपारी पाहिली होती, मधे पट्टी गुंडाळलेला जोड होता. ती अनवाणी, त्या पाण्यातच उभी राहून रडत होती. पाण्याची धार तरटापाशी पोचली आणि तरट भिजून काळं पडू लागलं.

मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाज निघेना. दारात लाईटवाला दिसेना. डोळ्यांपुढे तो बैल आला. मी उठले. मेनच्या पेटीचा खटका लोखंडाचा होता. हात लावला तर आपण ताठणार, याची मला पक्की खात्री वाटत होती. पदराचा बोळा करून मी खटका धरला, डोळे मिटले आणि सगळं अंग टाकून खाली ओढला.

हॉल काळोखात बुडाला. शिट्ट्या सुरू झाल्या, पोरं किंचाळली. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. "हलू नकोस! आहेस तिथंच उभी राहा!"

लाईटवाला बॅटरी घेऊन धावत आला. "कुनी बंद केलं?" मी नुसतं बोट दाखवलं. त्यानं गुडघ्यावर बसून तरट उचललं. जोडाची पट्टी भिजून सुटली होती. त्यानं तरट पुन्हा खाली सोडलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, हे कुनाला बोलू नका."

त्यानं पुढच्या दिव्यांची वायर तोडून टाकली, फरशी पुसून घेतली आणि दोन्ही रांगांचे सगळे दांडे शून्यावर आणले. मेन चालू झाल्यावर मला वरची रांग पुन्हा लावायची होती. खुणा दिसत होत्या, पण बोटं बधिर झाली होती. दांडा कधी खुणेच्या पुढं जायचा, कधी अलीकडे राहायचा. पुढचे दिवे नसल्यामुळे शेजारणीचा तो प्रसंग निम्म्या अंधारात पार पडला. तिचा चेहरा कुणाला धड दिसला नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या.

पडदा पडल्यावर ती रंगाच्या तोंडानंच माझ्याकडे आली. "एवढी भितेस तर बसलीस कशाला? माझा सगळा सीन घालवलास!" मी वायरचं सांगितलं, तर म्हणाली, "तुला सगळीकडे शॉकच दिसतो." मी घरी येऊन यजमानांना बैलाचं सांगितलं. ते हसले नाहीत. पण त्यांनी विचारलं, "त्या जोडातून खरंच काही झालं असतं का?" रात्रभर मी तोच विचार करत राहिले. काही झालं नसतं, तर मी उगाच तिचं नाटक बुडवलं होतं.

पुढं कितीतरी दिवस भिंतीपलीकडून तिनं मला हाक मारली नाही.

मग एकदा नळाला पाणी आलं तेव्हा आम्ही दोघीच होतो. ती बादली लावून माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"त्या वेळी माझ्या पायांना मुंग्या येत होत्या. पोटरीपर्यंत. मला वाटलं, एवढे लोक समोर बघून होतं तसं होतंय." ती थांबली. "तू दिवे घालवलेस आणि मुंग्या एकदम गेल्या. ते काय होतं गं?"

मी नळाच्या ओट्यावर खालीच बसले. तिची बादली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष गेलं नाही. शेवटी मीच उठून नळ बंद केला.

पुढच्या वर्षी नाटक पुन्हा झालं. तोच लाईटवाला नव्या वायरी घेऊन आला. मी फळीपाशी बसले नाही. माझ्यानं ते झालंच नसतं. मी प्रॉम्प्टिंगच केलं. शेजारीण मात्र तोंडाला रंग लावण्याआधी त्याच्यामागून स्टेजभर फिरली, आणि प्रत्येक तरट त्याला उचलायला लावून खाली काय आहे ते बघितल्याशिवाय तिनं पायातल्या चपला काढल्या नाहीत.