कागदावरची जयाबाई

विमलताईंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, साहेब गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "पेपर वाचता वाचता..." त्यांचे यजमान, सुभेदार दौलत सोनवणे यांना जाऊन आता पाच आठवडे होतील. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत फौजेतून निवृत्त झालेले बरेच आहेत, पण नुसतं 'सुभेदारसाहेब' म्हटलं की रिक्षावाले त्यांच्याच दारात आणून सोडत.

माझी आणि त्यांची ओळख खरं तर भांडणातूनच व्हायची होती, पण त्यांनी भांडण होऊ दिलं नाही. तेव्हा मी एका बँकेत पेन्शनच्या काउंटरवर होते. पेठकडच्या डोंगरातली एक बाई समोर उभी होती. नवरा तोफखान्यातून निवृत्त झालेला, नुकताच वारलेला. त्याच्या पेन्शनच्या कागदांवर बायकोचं नाव जयाबाई, हिच्या आधार कार्डावर जाईबाई. मी म्हटलं, नावं जुळत नाहीत, तुमची पेन्शन सुरू करता येणार नाही. ती म्हणाली, "मी तीच हाय ना, बाई. दुसरी कुठून येल?" नियमाने मी बरोबर होते. मी पुढच्याला बोलावलं. पुढचे सुभेदारसाहेब होते. त्यांनी स्वतःचं काम काढलंच नाही, एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, या बाई दोन गाड्या बदलून आल्यात. परत पाठवताय, हरकत नाही. काय काय आणायचं ते फक्त यावर लिहून द्या." आवाज जराही चढलेला नव्हता. मी पेन घेतलं आणि लक्षात आलं, मलाच ते नीट माहीत नव्हतं.

जाईबाईंचं काम मग त्यांनी अंगावरच घेतलं. नाव बदलायचं तर फौजेच्या रेकॉर्डमध्ये बदलायला हवं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला. लग्नाचा तर कागदच नव्हता. लग्न पाहिलेली माणसं शोधायला ते तिच्या पाड्यावर गेले, त्या रविवारी मीही बरोबर गेले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन म्हाताऱ्यांनी अंगणात बसून अंगठे दिले. एकीने तर नवरदेव किती लाजला होता तेही सांगितलं, ते मात्र कुठल्या रकान्यात बसेना.

परतीच्या एसटीत त्यांनी अंगठे घेतलेले कागद पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाले, "मी पलटणीत क्लार्क होतो, मॅडम. जवान लग्न करून रजेवरून आला की त्याच्या बायकोचं नाव मीच कागदावर चढवायचो. कोणी ठकी सांगायचा, कोणी जाई. मला वाटायचं, हे काय नाव झालं? जरा बरंसं लिहू. तिचं भलंच करतोय असं वाटायचं..."

"हे जयाबाई तुम्हीच लिहिलंत?"

"नाही. ती माझी पलटण नव्हती, अक्षरही माझं नाही. पण मी लिहिलेल्या अशा कुठे कुठे अडल्या असतील, ते मला आता कोण सांगणार?"

मी परत पाठवलेल्या बायकाही मला आठवत नव्हत्या.

दुरुस्ती व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. जाईबाई काउंटरवर आल्या, कागद दिला आणि म्हणाल्या, "आता नाय ना परत धाडणार?" त्यानंतर सुभेदारसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत बायका येतच राहिल्या. मनमाडच्या, सटाण्याकडच्या. मूळचे बागलाणातले असल्यामुळे त्या बायकांशी ते अहिराणीत बोलत. संत नव्हते ते. कागद चुरगळून आणणारीला चांगलं फैलावर घेत. "सरकार देत नाही असं नाही," म्हणत, "देतं ते हिच्या दारापर्यंत येतं आणि नावाशी अडतं." दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की विमलताईंना समोर बसवून विचारत, "मी गेलोय असं समज. आता सांग, कुठला कागद पहिला?" विमलताई रागाने आत निघून जात. पण पुढच्या खेपेला त्यांना उत्तर यायचं.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी विमलताईंबरोबर त्यांच्या पेन्शनसाठी बँकेत गेले. मी निवृत्त, त्यामुळे यावेळी काउंटरच्या अलीकडे. सगळे कागद क्रमाने लावलेले, प्रत्येकावर नाव सारखं, अक्षराचाही फरक नाही. तिथल्या मुलीने पाहिले, शिक्के मारले, पोच दिली. दहा मिनिटं लागली असतील. बाहेर पायरीवर विमलताई खाली बसल्या.

"एकही प्रश्न विचारला नाही हो तिने," त्या म्हणाल्या. "मी सगळ्याची तयारी करून आले होते. कोणीतरी विचारावं असं वाटत होतं, कोण होते, कसे होते..."

मी शेजारी बसले आणि विचारलं, कसे होते. त्या बराच वेळ सांगत राहिल्या.

बाहेरच्या खोलीतलं टेबल अजून तसंच आहे. त्यावर त्यांची लांब वही. आलेल्या प्रत्येक बाईसमोर दोन रकाने, एकात कागदावरचं नाव, दुसऱ्यात घरी हाक मारतात ते. परवा मी तिथे असताना कुणाचा तरी फोन आला. विमलताईंनी वही ओढली आणि त्या बाईला म्हणाल्या, "कागदाचं मागाहून बघू. घरी काय म्हणतात तुम्हाला?"