बाळाच्या वाटीतलं तूप

लहान मुलांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. तेच केबिनचं दार लोटून आत येतात, तेही नंबर न लावता. अमरावतीत मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलेय, की बाई, तान्ह्या लेकराला तेल-तूप लागतं, त्याचा मेंदू त्यावर घडतो. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करतात.

आता वलगावचे आबाच घ्या. भाजीपाल्याचा मळा, तोंड फटकळ. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरातून तूप-तेल हद्दपार झालं. सून रूपाली आठ महिन्यांच्या शौर्यला बिनफोडणीच्या वरणाचं पाणी चारत होती, आणि पोराचं वजन काही जागचं हलत नव्हतं. मी त्याला उचलायला गेले तर तो हातातून सटकायलाच लागला. आजीने तेलाने चोपडून आणलं होतं.

"अंगाला एवढं तेल, आणि पोटात थेंब नाही?"

"मॅडम, मले डॉक्टरनं सांगतलं, तेल-तूप म्हंजे जहर," आबा म्हणाले.

"ते तुम्हाला सांगितलं, आबा."

"रक्त त एकच हाय ना आमचं."

शेवटी आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिनाभरात वजन वाढलं नाही तर पोराला भरती करावं लागेल. रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग नातवाकडे.

"बरं, घाला तूप," ते म्हणाले. "पन पोराले मी सोता चारीन. या बायकांचा भरोसा नाही."

* * *

शनिवारी मी अकोल्याला बसते. तिथे एक इंजिनिअर बाबा आले. बायको अंगावर पाजत होती, आणि यांना बाळाच्या बुद्धीसाठी ओमेगा-थ्रीचे परदेशी थेंब हवे होते. मी सोबत आलेल्या बाळाच्या आजीला विचारलं, सुनेला जेवायला काय देता?

"भाकर अन् जवसाची चटनी खाय म्हनतो तिले, त हाच म्हनते, वास येते."

मी म्हटलं, अहो, जवसात ओमेगा-थ्रीच असतं, आई खाईल ते दुधात उतरतं. आजीने पिशवीतून चटणीचा डबा काढून टेबलावर ठेवला. इंजिनिअरसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"आई, ब्रँड कोणता आहे?"

* * *

एक जिमला जाणारी आई आली. म्हणाली, "गाल फार फुगलेत, लो-फॅट डाएट द्या."

"कोणाचे गाल?"

"बाळाचे. याचे बाबा लहानपणी असेच होते, आता बघा."

मी दारातून डोकावून बघितलं. बाबा बाकावर बसून कचोरी खात होते.

* * *

महिन्याने आबांचं कुटुंब परत आलं. शौर्यला काट्यावर ठेवलं. वजन वाढलं होतं, पण नावाला. भरतीचं नाव निघेल म्हणून रूपालीचा चेहरा उतरला.

"तूप घालतेस ना गं?"

"रोज घालतो मॅडम. चांगलं चमचाभर, आईंसमोर."

"आणि चारतं कोण?"

"आबाच. आमाले जवळ येऊ देत नाहीत."

"चाखल्याबिगर कसं चारनार?" आबा म्हणाले. "गरम असते, खारट असते. लहान जीव हाय."

आजी पदर सावरत म्हणाली, "पयले दोन घास चाखत. आता वाटी अर्धी होईस्तोर चाखतेत."

मी मोठ्यांच्या वजनकाट्याकडे बोट केलं.

"माह्यं कायले? पेशंट तो हाय."

"व्हा उभे," आजी म्हणाली.

आबांनी चपला काढल्या. खिशातला मोबाईल काढून रूपालीकडे दिला. मग टोपी काढली. काट्यावर चढून ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"उद्यापासून सूनच चारीन पोराले," ते म्हणाले.

काटा अजून थांबायचाच होता.